घरच्या बागेसाठी सफरचंदाच्या जाती: आठ कलमांचे अकरा वर्षांनंतरचे परीक्षण

सफरचंदाच्या कलमाविषयी पहिल्याच वर्षी मत देणे घाईचे ठरते. रोप जगले, पालवी फुटली, एवढेच तेव्हा सांगता येते. ती जात बागेला मानवली की नाही, हे कळण्यासाठी निदान तीन-चार बहर पाहावे लागतात. म्हणून माझ्या बागेतील आठ जातींचे हे परीक्षण मी मुद्दाम उशिरा लिहीत आहे. गोल्डन डिलिशस, जोनागोल्ड, ब्रॅम्लीज सीडलिंग आणि ॲना ही पहिली चार कलमे लावून अकरा वर्षे झाली. लिबर्टी, हनीक्रिस्प, गोल्डरश आणि कॉक्सेस ऑरेंज पिपिन ही पुढची चार त्यानंतर पाच वर्षांनी आली. त्यांपैकी ॲना मी काढून टाकले, कॉक्स आजारी आहे आणि बाकीची सहा झाडे फळे देत आहेत. दुसऱ्या खेपेची निवड एक कॉक्स सोडले तर पहिलीपेक्षा पुष्कळ सरस ठरली, कारण पहिल्या वेळी मी खाल्लेल्या फळाची चव आठवून जाती निवडल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी झाड कसे वाढते, केव्हा फुलते आणि कशाने आजारी पडते हे पाहून.

दुकानातल्या फळाच्या चवीवरून घरी लावायची जात ठरवू नये, असे मी आता ठामपणे म्हणतो. दुकानात येणारे फळ बहुधा प्राणवायू कमी केलेल्या शीतगृहात काही महिने राहिलेले असते आणि ज्या बागेतून ते येते, तिथे एका हंगामात अनेक फवारण्या झालेल्या असतात. तेच झाड फवारणीविना, घराच्या कुंपणाशी, दिवसातून सहा-सात तास ऊन मिळणाऱ्या जागी कसे वागेल, याचा अंदाज त्या फळावरून येत नाही. शिवाय जातीचे नाव एकच राहिले तरी आतला माल बदलत जातो. रेड डिलिशस हे याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात जेस्सी हायट यांच्या शेतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपोआप उगवलेल्या एका रोपापासून ही जात आली. पुढे तिच्या ज्या ज्या फांदीवर अधिक लाल फळ दिसले, त्या त्या फांदीवरून नवी कलमे बांधली गेली आणि रंग गडद होत असताना साल जाड व चव सपक होत गेली. गाला आणि फुजी या जातींचेही असे अनेक लाल उपप्रकार आज विकले जातात. म्हणून रोप घेताना केवळ जात विचारून भागत नाही, तिचा कोणता उपप्रकार आहे हेही विचारावे.

सफरचंदाचे बी लावून आवडत्या जातीचे झाड मिळत नाही, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. प्रत्येक बी हे दोन वेगळ्या झाडांच्या संकरातून तयार होते आणि त्यातून उगवणारे झाड आईसारखे निघण्याची शक्यता फार थोडी असते. त्यामुळे आपण रोपवाटिकेतून आणतो ते एक झाड नसून दोन झाडांची जोडणी असते: जमिनीखाली खुंट आणि त्यावर बांधलेली जात. फळ कोणते लागेल हे वरची जात ठरवते. झाड किती उंच होईल, किती वर्षांनी फळेल, त्याला आयुष्यभर आधार लागेल का आणि ओल्या मातीत ते तग धरील का, हे मुख्यतः खुंट ठरवतो. एवढे महत्त्व असूनही खरेदीच्या वेळी खुंटाची चौकशी फार कमी लोक करतात. मीही पहिल्या खेपेला केली नव्हती.

त्याची किंमत ब्रॅम्लीच्या रूपाने रोज समोर दिसते. ज्या रोपवाटिकेतून मी ते घेतले, तिने पिशवीला लावलेल्या चिठ्ठीवर जातीचे नाव आणि त्याखाली ‘बुटके झाड’ एवढेच छापले होते. खुंटाचे नाव विचारल्यावर ‘बुटकाच आहे, काळजी करू नका’ असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. आज ते झाड सहा मीटरच्या जवळ गेले आहे. वरची फळे काढायला शिडी पुरत नाही, त्याची सावली भाजीच्या वाफ्यांवर पडते आणि पहिले फळ यायला सात वर्षे लागली. ब्रॅम्ली मुळात जोमदार जात आहे हे खरे, पण खऱ्या बुटक्या खुंटावर ती एवढी वाढली नसती. ज्या कलमाच्या चिठ्ठीवर खुंटाचे नाव नाही, ते कलम विकत घेऊ नये, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

खुंटांची नावे पहिल्यांदा ऐकताना अवघड वाटतात, पण कामाची नावे चार-पाचच आहेत. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपभर वापरात असलेले खुंट गोळा करून त्यांची ओळख पटवली आणि त्यांना क्रमांक दिले. एम ९ हे नाव तिथून आले. एम ९ वरचे झाड अडीच ते तीन मीटरवर थांबते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळू लागते, मात्र त्याची मुळे ठिसूळ असल्याने त्याला कायमचा खांब लागतो आणि पाण्याचा ताण ते सोसत नाही. एम २६ त्याहून थोडे मोठे आणि थोडे बळकट असते. एमएम १०६ आणि एमएम १११ हे खुंट ईस्ट मॉलिंग आणि मर्टन येथील जॉन इनेस संस्था यांनी मिळून तयार केले. लोकरी मावा मुळांवर बसू नये म्हणून त्यांच्या संकरात नॉर्दर्न स्पाय ही जात मुद्दाम वापरली होती आणि तो गुण आजही उपयोगी पडतो. एमएम १०६ वरचे झाड चार-साडेचार मीटरपर्यंत जाते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळते आणि मोठे झाल्यावर स्वतःच्या बळावर उभे राहते; पण पाणी साचणाऱ्या जमिनीत त्याचा बुंधा कुजण्याचा धोका असतो. हलक्या, कोरड्या जमिनीत एमएम १११ अधिक भरवशाचा. ज्या भागात फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य करपा आहे, तिथे एम ९ आणि एम २६ हे दोन्ही नाजूक ठरतात. तिथे अमेरिकेतील जिनिव्हा येथे तयार झालेल्या जी मालिकेतील रोगप्रतिकारक खुंटांचा विचार करावा. ज्यांच्याकडे फक्त भिंतीलगतची पट्टी किंवा मोठी कुंडी आहे, त्यांच्यासाठी एम २७ हा याहूनही बुटका खुंट असतो, मात्र त्याला सुपीक माती आणि नियमित पाणी द्यावेच लागते.

आता ॲनाविषयी. ही जात इस्राएलमध्ये उष्ण प्रदेशासाठी तयार केली गेली आणि तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे तिला हिवाळ्यात फार थोडी थंडी पुरते. सफरचंदाच्या कळ्या पानगळीनंतर सुप्तावस्थेत जातात आणि साधारण सात अंशांखालील तापमानाचे ठराविक तास भरल्याशिवाय त्या नीट जाग्या होत नाहीत. बहुसंख्य प्रसिद्ध जातींना असे आठशे ते हजार तास किंवा त्याहूनही अधिक लागतात. ॲनाला तीनशेच्या आत पुरतात. थंडी अपुरी पडली तर झाड मरत नाही, पण फुलोरा महिनाभर रेंगाळत येतो, फांद्यांचे शेंडे तेवढे पालवतात आणि मधली फांदी उघडी राहते. सौम्य हिवाळ्याच्या ठिकाणी म्हणूनच ॲना आणि तिच्यासोबत फुलणारी, बहामा बेटांवर सापडलेली डोर्सेट गोल्डन ही जोडी वरदान आहे. भारतात हिमाचल प्रदेशाच्या खालच्या, उबदार पट्ट्यात हरिमन शर्मा यांनी निवडलेली एचआरएमएन ९९ हीदेखील याच प्रकारची जात आहे.

माझ्याकडे मात्र हिवाळा चांगला कडक असतो आणि कमी थंडीची जात म्हणजे सर्वत्र चालणारी जात, असा माझा चुकीचा समज झाला होता. ॲनाची थंडीची गरज हिवाळा अर्ध्यावर असतानाच भरून निघायची, पुढचे चार उबदार दिवस मिळताच तिच्या कळ्या फुगायच्या, आणि मग एका रात्री दव गोठले की सगळा फुलोरा करपायचा. सकाळी फूल उघडून पाहिले तर पाकळ्या वरवर ठीक दिसत आणि मधला भाग, जिथून पुढे फळ धरायचे, काळा पडलेला असे. सलग तीन वर्षे हे पाहिल्यावर मी ते झाड काढले. यात ॲनाचा दोष नाही. आपल्या हिवाळ्यात थंडीचे किती तास भरतात हे आधी पाहून त्याला जुळणारी जात घ्यावी. गरज जशी हिवाळ्याहून जास्त असू नये, तशी ती फार कमीही असू नये.

पहिल्या खेपेतील सर्वांत मोठा धडा जोनागोल्डने दिला. जोनागोल्ड ही गोल्डन डिलिशस आणि जोनाथन यांच्या संकरातून न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील केंद्रात तयार झालेली आणि १९६८ मध्ये प्रसारित केलेली जात आहे. फळ मोठे, रसाळ, आंबट-गोडाचा तोल उत्तम. खाण्याच्या दृष्टीने माझ्या बागेतील पहिल्या दोघांत तिचा क्रमांक लागतो. चौथ्या वर्षी झाड फुलांनी पांढरेशुभ्र झाले, मधमाश्याही भरपूर आल्या आणि हंगामाच्या शेवटी झाडावर मोजून पाच फळे राहिली. पाचव्या वर्षीच्या फुलोऱ्याआधी मी खत, पाणी, बोरॉन असे सगळे तपासून पाहिले, पण दोष त्यांत नव्हता.

सफरचंदाची बहुतेक झाडे स्वतःच्या परागकणांनी फळ धरत नाहीत. त्यांना वेगळ्या जातीचे, त्याच दिवसांत फुलणारे झाड जवळपास लागते आणि एकाच जातीची दहा झाडे असली तरी ती परस्परांच्या उपयोगी पडत नाहीत, कारण कलमाने वाढवलेली ती सर्व झाडे मुळात एकच झाड असते. माझ्याकडे चार वेगवेगळ्या जाती होत्या, त्यामुळे ही अट पुरी झाली असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात जोनागोल्डसाठी त्या चारांपैकी एकही उपयोगाची नव्हती. ॲना तर जोनागोल्डच्या कळ्या दिसण्याआधीच फुलून जायची. ब्रॅम्ली त्या वयात फुलतच नव्हते, आणि फुलले असते तरी ते त्रिगुणित आहे, म्हणजे त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात आणि त्यामुळे त्याचे परागकण बहुतांशी निकामी निघतात. राहिले गोल्डन डिलिशस. ते इतर अनेक जातींसाठी उत्तम पराग देणारे झाड आहे, पण जोनागोल्डची ते आई आहे. परकेपणा ओळखणाऱ्या ज्या जनुकांवर सफरचंदाचे परागीभवन अवलंबून असते, त्यांचे गोल्डन डिलिशसमधील दोन्ही प्रकार जोनागोल्डकडे आलेले आहेत. त्यामुळे जोनागोल्डचे फूल गोल्डन डिलिशसचा पराग स्वतःचाच समजून अडवते. जोनागोल्ड स्वतःही त्रिगुणित असल्याने ते उलट कोणालाच पराग देऊ शकत नाही. गोल्डन डिलिशस काही प्रमाणात स्वतःच्या परागावर फळते, एवढ्यामुळेच त्याच्यावर थोडी फळे दिसत होती.

त्या वर्षीपुरता उपाय म्हणून मी एका परिचितांच्या बागेतून फुललेल्या रानसफरचंदाच्या, म्हणजे क्रॅब ॲपलच्या, पाच-सहा फांद्या कापून आणल्या आणि पाण्याने भरलेल्या बादलीत उभ्या करून ती बादली जोनागोल्डच्या पूर्वेकडच्या फांदीखाली ठेवली. त्या बादलीवर दिवसभर माश्यांची ये-जा चालू होती. मांड्यांवर पिवळा पराग लागलेली माशी बादलीतल्या फुलावरून उठून वरच्या फांदीवर बसताना मी स्वतः पाहिली. त्या हंगामात पूर्वेच्या बाजूला तीसएक फळे धरली आणि पश्चिमेची बाजू जवळजवळ रिकामी राहिली. यापेक्षा स्पष्ट पुरावा मला नको होता. त्याच हिवाळ्यात मी दुसऱ्या खेपेची चार कलमे लावली आणि ती निवडताना कोण कोणाबरोबर फुलते हे आधी कागदावर मांडले. लिबर्टी आणि हनीक्रिस्प फुलू लागल्यापासून जोनागोल्डवर इतकी फळे धरतात की विरळणी करावी लागते.

त्रिगुणित जाती घेऊच नयेत, असा याचा अर्थ नाही. जोनागोल्ड, ब्रॅम्ली, मुत्सू, ग्रॅव्हेनस्टीन यांच्यासारख्या त्रिगुणित जातींची फळे मोठी आणि झाडे बहुधा दणकट असतात. फक्त त्यांच्यासोबत दोन इतर जाती हव्यात, म्हणजे त्या दोन परस्परांना आणि तिसऱ्यालाही पराग देतील. ज्याच्याकडे एकाच झाडाची जागा आहे, त्याने आधी शेजारच्या बागा पाहाव्यात; तिथे एखादे सफरचंद किंवा शोभेचे रानसफरचंद फुलत असेल, तर माश्यांना कुंपण आड येत नाही.

रोगप्रतिकार हा मुद्दा मी दुसऱ्या खेपेला सर्वांत वर ठेवला होता, तरीही त्यात कॉक्स घेण्याचा मोह आवरला नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रिचर्ड कॉक्स यांच्या बागेत निपजलेल्या या जातीची चव खरोखर असामान्य आहे. पिकलेल्या फळाला जो सुगंध येतो, तो माझ्या बागेत दुसऱ्या कोणत्याही फळाला नाही. परंतु स्कॅब म्हणजे खपली रोग, भुरी आणि खोडावरच्या कँकरच्या जखमा या तिन्ही गोष्टी तिच्या वाट्याला येतात. वसंतातला पाऊस दोन-तीन दिवस लांबला की कोवळ्या पानांवर शेवाळी रंगाचे मखमली डाग दिसू लागतात, ते पुढे फळावर उतरतात आणि तिथली साल खरखरीत होऊन तडकते. सहा वर्षांत कॉक्सवरून मी दोनदाच समाधानकारक तोडणी केली. थंड, कोरड्या हवेत आणि वेळेवर फवारणी करणाऱ्याच्या हाती ही जात चांगली राहीलही, पण ज्याला औषध मारायचे नाही त्याने ती लावू नये.

तिच्यापासून चार मीटरवर लिबर्टी उभी आहे आणि तिच्या पानावर आजवर स्कॅबचा एकही डाग मी पाहिलेला नाही. जिनिव्हा येथूनच १९७८ मध्ये प्रसारित झालेल्या या जातीत मॅलस फ्लोरिबुंडा या रानटी सफरचंदाकडून आलेले स्कॅबविरोधी जनुक आहे. फायर ब्लाइट आणि गंज रोगालाही ती चांगली तोंड देते. तेच जनुक प्रिमा, फ्रीडम, एंटरप्राइज, फ्लोरिना आणि टोपाझ या जातींतही आहे. काही प्रदेशांत स्कॅबच्या बुरशीने या जनुकावर मात केली आहे, त्यामुळे ही ढाल कायमची समजू नये आणि गळलेली पाने झाडाखालून उचलून टाकण्याचा कंटाळा करू नये, कारण बुरशी त्याच पानांत हिवाळा काढते. फळात शिरणाऱ्या कॉडलिंग मॉथच्या अळीला मात्र जातीच्या प्रतिकाराने काही फरक पडत नाही. लहान झाडावर फळांना कागदी किंवा जाळीच्या पिशव्या बांधणे हा मला जमलेला उपाय आहे. लिबर्टीचे फळ मध्यम आकाराचे, गडद लाल, आंबूस आणि पांढऱ्या गराचे असते. चवीत ते जोनागोल्डच्या खाली आहे हे मी मान्य करतो, पण दरवर्षी न चुकता भरणारी टोपली ही मला मोठी गोष्ट वाटते. एकच दक्षता घ्यावी लागते. फळे फार धरतात, म्हणून ती सुपारीएवढी असतानाच एका झुबक्यात एकच ठेवून बाकीची खुडावीत आणि दोन फळांत दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर राखावे, नाहीतर आकार लहान राहतो आणि पुढच्या वर्षी झाड विश्रांती घेते.

हनीक्रिस्पबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये प्रसारित केलेली ही जात चावताना जशी फुटते, तशी दुसरी नाही. गरातल्या पेशी मोठ्या असल्याने ती दाताखाली तुटते आणि तोंडात रस भरतो. घरातल्या मुलांना दुसरे कोणतेही सफरचंद नको असते. पण झाड हळवे आहे. पाने उन्हाळ्यात पिवळी, चट्टेदार होतात. ते या जातीचे अंगभूत लक्षण आहे आणि त्यासाठी औषधोपचाराची गरज नसते, हे आधी माहीत असते तर माझी धावपळ वाचली असती. फळांच्या सालीखाली तपकिरी, कडवट खड्डे पडतात, त्याला बिटर पिट म्हणतात. फळात कॅल्शियम कमी पोचल्याने ते होते आणि मोठ्या फळांत अधिक दिसते. पाणी एकसारखे ठेवणे आणि नत्र आवरते घेणे यांनी माझ्याकडे त्यात बराच फरक पडला. एक वर्ष आड फळण्याची सवयही तिला आहे. ज्याच्याकडे तीन-चार झाडांची जागा आहे त्याने एक हनीक्रिस्प जरूर लावावे. एकुलते एक झाड म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही.

गोल्डन डिलिशसला मी पूर्वी कमी लेखत होतो, कारण हिरवट असतानाच तोडलेले, पिठूळ फळ तेवढे माझ्या ओळखीचे होते. झाडावर पूर्ण पिवळे होऊ दिलेले फळ वेगळेच असते: मधासारखे गोड, पातळ सालीचे, आणि घरात ठेवले तर लवकर सुरकुतणारे. वेस्ट व्हर्जिनियात आपोआप उगवलेल्या या झाडाचे हक्क १९१४ मध्ये स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेने विकत घेतले आणि पुढे गाला, जोनागोल्ड, मुत्सू, पिंक लेडी या सगळ्यांच्या संकरात त्याचा वाटा राहिला. झाड लवकर फळते, फुलोरा लांबतो, इतर जातींना पराग देते. ओलसर हवेत सालीवर खरखरीत तपकिरी जाळी येते, पण तिने चवीत काही उणे होत नाही.

माझ्या बागेत पहिला क्रमांक मी गोल्डन डिलिशसच्याच एका संकराला देतो, तो म्हणजे गोल्डरश. पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय या तीन विद्यापीठांच्या संयुक्त प्रकल्पातून ही जात १९९० च्या दशकात आली. स्कॅबचा प्रतिकार तिला आहे, मात्र जवळपास रेड सीडर हे सूचिपर्णी झाड असेल तर गंज रोग तिला त्रास देतो. ती फार उशिरा, पानगळ सुरू होण्याच्या सुमारास तयार होते आणि तोडल्या दिवशी खाल्ली तर इतकी आंबट लागते की पहिल्या वर्षी मला ती फसलेली जात वाटली. टोपली थंड खोलीत ठेवून दिली आणि दोन महिन्यांनी एक फळ कापले. साल हिरवटाची सोनेरी झालेली, सुरी फिरवताना गर करकर वाजत होता आणि आंबटपणाच्या मागोमाग दाट गोडी येत होती. त्यातली शेवटची फळे आम्ही पुढच्या फुलोऱ्याच्या वेळी खाल्ली आणि तीही घट्ट होती. घरच्या बागेत सगळी फळे दोन आठवड्यांत पिकून ओसंडली तर निम्मी वाया जातात, म्हणून टिकाऊपणाला मी चवीच्या बरोबरीचे मानतो. लवकर तयार होणाऱ्या जाती साधारणपणे आठवड्या-दोन आठवड्यांत मऊ पडतात, उशिराच्या जाती महिनोन् महिने राहतात. त्यामुळे एक लवकरची, एक मधली आणि दोन उशिराच्या असा मेळ घातला, तर वर्षातला बराच काळ घरचे फळ मिळते. मात्र पिकते फळ इथिलीन वायू सोडून शेजारची फळे पिकवते, म्हणून लवकरच्या आणि उशिराच्या जाती एका टोपलीत ठेवू नयेत. ज्या भागात हंगाम आखूड आहे तिथे गोल्डरश पूर्ण तयार होणार नाही. फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत सुमारे दोनशे दिवस मागणाऱ्या पिंक लेडीच्या बाबतीत ही अडचण आणखी मोठी असते.

ब्रॅम्ली शिजवण्याचे फळ आहे. १८०९ च्या सुमारास इंग्लंडमधील साउथवेल येथे मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने लावलेल्या बियांतून ते झाड उगवले. कच्चे खायला ते फार आंबट असते, पण शिजवल्यावर त्याचा हलका, फेसाळ गर होतो, तसा गोड जातींचा होत नाही. ज्यांच्या घरी मुरंबा किंवा गर करून ठेवण्याची सवय आहे, त्यांनीच ते लावावे, आणि तेही खुंटाची खात्री करून.

रोप विकत घेताना मी आता पिशवीतले मोठे, फांद्या फुटलेले झाड टाळतो आणि एक वर्षाचे सरळ काडीसारखे कलम घेतो. ते लवकर रुजते आणि त्याला हवा तसा आकार देता येतो. पिशवीतलेच घ्यावे लागले, तर मुळे आतल्या आत गोल फिरलेली नाहीत ना, हे पिशवी सैल करून पाहावे. लावताना कलमाचा सांधा जमिनीच्या वर दहा-पंधरा सेंटिमीटर राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटतात आणि बुटक्या खुंटासाठी मोजलेले पैसे वाया जातात. एकाच खुंटावर तीन-चार जाती बांधलेले झाड परागीभवनाच्या दृष्टीने सोयीचे असते, पण त्यातली जोमदार जात बाकीच्यांना दाबून टाकते, म्हणून त्याची दरवर्षी नेमाने छाटणी करणाऱ्यानेच ते घ्यावे. भिंतीवर पसरवून वाढवायचे असेल, तर आखूड काटक्यांवर फळणारी जात निवडावी. वूस्टर पेअरमेनसारखी फांदीच्या टोकाला फळणारी जात छाटणीबरोबर आपली फळेही गमावते.

ॲनाच्या रिकाम्या जागेत नवे कलम लावण्यासाठी मी तिथली माती दोन फुटांपर्यंत बदलली आहे, कारण सफरचंदाच्या जुन्या जागी लावलेले सफरचंद खुरटते. तिथे एम २६ वर टोपाझ येणार आहे. ती चेक संशोधकांनी तयार केलेली, स्कॅबला तोंड देणारी आणि चवीने कॉक्सच्या वळणावर जाणारी जात आहे, आणि ती लिबर्टी व हनीक्रिस्पबरोबर फुलेल. ब्रॅम्ली मी तोडणार नाही. या हिवाळ्यात त्याच्या खालच्या दोन फांद्या आखूड कापून त्यांवर गोल्डरशच्या काड्या बांधणार आहे, म्हणजे शिडी न लावता हाताला येणारी फळे तरी त्या झाडावर मिळतील.